संत्र्याच्या सालीतले तेल, तळ्यातल्या माशासाठी

वनस्पतींची सुगंधी तेले माशांच्या खाद्यात मिसळतात ती मासा आजारी पडण्याआधीच त्याचे आतडे आणि प्रतिकारशक्ती भक्कम राहावी म्हणून. तिवसा, मोर्शी, वरुड या संत्र्याच्या पट्ट्यात असे एक तेल घरोघरी सापडते. संत्र्याची ताजी साल दिव्याच्या ज्योतीजवळ दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात आणि भुरकन पेटतात. सालीवरच्या ठिपक्यांएवढ्या ग्रंथींत साठलेले हेच ते तेल. त्यात सर्वाधिक असते लिमोनीन.

उन्हाळ्यात शेततळ्याचे पाणी खाली जाते, ऑक्सिजन घटतो, रोहू, कटला पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा थकलेल्या माशांवर पाण्यात एरवीही असणारा एरोमोनास जिवाणू उचल खातो. अंगावर रक्ताळलेले चट्टे पडतात, पर कुजतात, पोट फुगते. मग प्रतिजैविके दिली जातात आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढत जातात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले. तेलांचा पर्याय त्यानंतर अधिक गांभीर्याने तपासला जाऊ लागला.

ओव्यातले थायमॉल आणि लवंगेतले युजेनॉल जिवाणूच्या स्निग्ध आवरणात शिरतात, आवरण सैल पडते, आतले क्षार बाहेर झिरपतात. लिमोनीन त्या मानाने सौम्य आहे. तरीही २०१५ मध्ये तुर्की संशोधकांनी मोसंबीवर्गीय गोड संत्र्याच्या सालीचे तेल किलोभर खाद्यात १, ३ आणि ५ ग्रॅम घालून तिलापियाला दिले, तेव्हा माशांची वाढ सुधारली आणि स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गात मरही घटली. हा निकाल रोहूला जसाच्या तसा लावणे मात्र चूक ठरेल. रोहूला जठरच नसते, आणि नागपुरी संत्र्याची जातही वेगळी.

खरी अडचण आहे ती तेल टिकवण्याची. सुगंधी तेल उडून जाते. गोळी खाद्य वाफेच्या उष्णतेत तयार होत असताना ते घातले तर बराचसा भाग तिथेच संपतो. म्हणून तयार गोळी थंड झाल्यावर तिच्यावर तेलाचा लेप देतात, किंवा तेल सूक्ष्म कवचात बंद करून वापरतात. लेप दिलेले खाद्य सावलीत सुकवावे, घट्ट डब्यात ठेवावे आणि लवकर संपवावे. जास्त तेलाने फायदा वाढत नाही, उलट उग्र वासाने मासा खाद्य सोडतो. लवंगेच्या तेलाने तर मासे बधिर करतात, इतके ते प्रभावी आहे.

गढूळ, कोंदट पाणी आणि नको तितकी बीजसंख्या यांवर कोणतेही तेल उतारा नाही. पाणी सुधारून मगच तेलाकडे वळावे. पहिल्या खेपेला एकाच तळ्यात, मोजून, वजनाची नोंद ठेवून प्रयोग करावा आणि शेजारचे तळे नेहमीच्या खाद्यावर ठेवावे.