छंद यंत्रमानवाचा

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. बागेला पाणी द्यावयाचे म्हणजे विहिरीवरचा पंप चालू करावा लागतो. शेतीच्या पंपांना वीज मिळे ती ठराविक तासांतच, आणि आठवड्यातील काही दिवस तर ऐन रात्री. अशा वेळी घरातील कर्त्या माणसाला हाती विजेरी घेऊन अंधारातून विहीर गाठावी लागे. वाट बांधाबांधाने जाणारी, पायाखाली साप-विंचवाचे भय. पुढे पंपाजवळ एक लहानशी पेटी बसविण्याची सोय झाली. तिला शेतकरी ऑटो स्टार्टर म्हणतात. वीज आली हे ती पेटी जाणते, थोडा वेळ थांबते आणि मग आपण होऊन पंप चालू करते. ही पेटी आल्यामुळे अनेकांची रात्रीची ती पायपीट टळली.

ही पेटी दिसावयास साधी असली, तरी तिच्यात तीन गुण एकत्र आले आहेत : जाणणे, ठरविणे आणि करणे. ज्या यंत्रात हे तीन गुण असतात आणि जे हालचाल करून काम पार पाडते, त्याला यंत्रमानव किंवा रोबोट म्हणतात. त्याला माणसासारखे नाक, डोळे, हात असलेच पाहिजेत असे नाही. चार चाकांची डबी अथवा नुसता एक लोखंडी हातदेखील यंत्रमानव असू शकतो.

‘रोबोट’ हा शब्द कोठून आला हे कळले, म्हणजे या यंत्राचा हेतूही कळतो. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली एक नाटक प्रसिद्ध केले. त्यात माणसाची कामे करणारे कृत्रिम मजूर दाखविले होते. त्यांना ‘रोबोट’ हे नाव त्याचा भाऊ योसेफ याने सुचविले. चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दाचा अर्थ वेठ, म्हणजे सक्तीची मजुरी, असा आहे. माणसाच्या वाट्याची वेठ यंत्राने उचलावी, ही कल्पना त्या नावातच आहे.

असे यंत्र तयार करणे हे एके काळी मोठ्या कारखान्यांचे आणि प्रयोगशाळांचेच काम होते. आता मुलामुलींची छंदमंडळेही ते करतात. 2005 च्या सुमारास इटलीतील इव्रेआ या गावी काही अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आर्डुइनो नावाची एक स्वस्त पाटी तयार केली. तळहातावर मावणाऱ्या या पाटीवर एक लहानसा गणकयंत्राचा मेंदू बसविलेला असतो. तिची रचना त्यांनी सर्वांना मोकळी करून दिली, त्यामुळे ती जगभर पसरली. आपल्या देशात 2016 साली अटल नवोन्मेष अभियान सुरू झाले आणि त्यातून हजारो शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तेथे अशा पाट्या, संवेदक, लहान मोटारी आणि हत्यारे मुलांच्या हाती येतात.

तथापि प्रत्येक वस्तू विकतच आणावी लागते असे नाही. जालन्याचे पोलाद कारखाने प्रसिद्ध आहेत. तेथे मोडके लोखंड भट्टीत वितळवून त्याच्या नव्या सळ्या करतात. टाकाऊतून टिकाऊ करण्याची हीच रीत छंदमंडळातही उपयोगी पडते. मोडक्या खेळण्यातील मोटार, बाटलीची झाकणे, सायकलची तार, जुन्या पुठ्ठ्याची खोकी यांतून सुरेख गाडी तयार होते. मात्र एक नियम सर्वत्र कडकपणे पाळावा लागतो. प्रयोगासाठी वापरावयाचे ते लहान विद्युत्घटच. घरातील विजेच्या तारांना हात लावावयाचा नाही.

छंदमंडळातील पहिला प्रकल्प बहुधा रेषेवरून चालणाऱ्या गाडीचा असतो. पांढऱ्या कागदावर काळी जाड रेषा काढतात. गाडीच्या तोंडाशी, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक याप्रमाणे, दोन विजेचे ‘डोळे’ बसवितात. प्रत्येक डोळा आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण खाली सोडतो. पांढरा कागद ते किरण परत पाठवितो. काळी रेषा ते शोषून घेते. दोन्ही डोळ्यांकडे किरण परत आले, म्हणजे रेषा मधोमध आहे. गाडीने सरळ जावे. डाव्या डोळ्याकडे किरण आले नाहीत, म्हणजे तो रेषेवर आला आहे. गाडी उजवीकडे सरकली आहे. अशा वेळी डावे चाक थांबवावे आणि उजवे फिरू द्यावे, की गाडी डावीकडे वळून पुन्हा मार्गावर येते. उजव्या डोळ्याच्या बाबतीत याच्या उलट करावयाचे. हे नियम क्रमवार लिहून पाटीच्या मेंदूत भरतात. अशा आज्ञावलीला प्रोग्राम म्हणतात.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण पहिल्याच प्रयत्नात गाडी नीट चालणे विरळा. ती गोल गोल फिरते, रेषा सोडून भिंतीवर आदळते. तारा उलट जोडल्या असतील, तर डावीकडे वळण्याऐवजी ती उजवीकडे वळते. यंत्र कधी हट्ट करीत नाही आणि कधी दयाही दाखवीत नाही. चुकीची आज्ञा दिली, तर तेही चुकीचेच काम तितक्याच निष्ठेने करते. म्हणून दोष यंत्रावर ढकलता येत नाही. तो आपल्या विचारात शोधावा लागतो.

कधी कधी एक चमत्कार दिसतो. संध्याकाळी उत्तम चाललेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीजवळ, एकाएकी बिघडते. तारा त्याच, आज्ञावली तीच. अशा वेळी उतावीळ मुलगा सगळे सुटे करून टाकतो आणि खरे कारण कायमचे हरवून बसतो. शहाणा मुलगा एका वेळी एकच गोष्ट बदलतो. तो आधी विद्युत्घट बदलतो. फरक पडत नाही. मग डोळ्यांतील अंतर बदलतो, तरीही नाही. शेवटी खिडकी लावून घेतो, आणि गाडी सुरळीत चालू लागते! सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. ते डोळ्यांत शिरून गाडीला भ्रम झालेला असतो. मग डोळ्यांभोवती काळ्या कागदाची नळी बसविली, की उन्हातही काम भागते. शास्त्रज्ञांची रीत हीच आहे. ती येथे हाताने शिकता येते.

दुसरा प्रकल्प शेताच्या अधिक जवळचा आहे. मातीत थोड्या अंतरावर दोन खिळे रोवतात आणि त्यांमधून अगदी मंद वीज सोडतात. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या मातीतून कमी. त्यावरून रोपाला पाणी हवे की नको, हे यंत्र ठरविते आणि लहानसा पंप चालू अथवा बंद करते. येथेही सावध राहावे लागते. मातीत खताचे क्षार जास्त असतील, तर ओल कमी असूनही वीज अधिक वाहते. शिवाय सतत वीज सोडल्याने खिळे गंजून जातात. म्हणून वीज मधूनमधूनच सोडावी लागते आणि यंत्राचा कौल बोटांनी माती चाचपून पडताळून पाहावा लागतो. अनुभवी शेतकऱ्याचा हात हा येथे यंत्राचाही गुरू ठरतो.

छंद वाढला, की स्पर्धा येतात. आशिया व प्रशांत महासागर या प्रदेशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा 2002 साली टोकियो येथे सुरू झाली. 2008 साली तिचे यजमानपद भारताकडे आले आणि ती पुण्यात भरली. त्या वर्षीचा खेळ होता गोविंदा! उंच टांगलेल्या मडक्यांतील लोणी यंत्रांनी काढावयाचे होते. आपल्या गल्लीतील दहीहंडी अशा रीतीने देशोदेशीच्या यंत्रमानवांनी फोडावयास घेतली. विजय चीनच्या संघाचा झाला. 2014 साली ही स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली. तेव्हा मोठ्या ‘पालक’ यंत्राने लहान ‘बालक’ यंत्राला बागेत नेऊन झोक्यावर आणि सी-सॉवर बसवावयाचे होते. विजयी ठरला तो व्हिएतनामचा संघ. काही मिनिटांच्या त्या खेळामागे विद्यार्थ्यांचे कित्येक महिन्यांचे श्रम असतात. कोणी सांगाडा घडवितो, कोणी तारा जोडतो, कोणी आज्ञावली लिहितो. एकाचे काम कच्चे राहिले, तर सर्वांचे यंत्र थांबते.

या छंदातून केवळ खेळणीच निर्माण होतात असे मात्र नाही. आपल्या देशात गटारांच्या भुयारी टाक्यांत उतरून सफाई करताना विषारी वायूने अनेक कामगारांचे प्राण गेले आहेत. माणसाला अशा कामी लावण्यास 2013 च्या कायद्याने बंदी घातली; परंतु नुसत्या बंदीने टाकी साफ होत नाही. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी भुयारात उतरून घाण उपसणारा ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव तयार केला. 2018 साली तिरुवनंतपुरम येथे तो कामाला लागला. माणूस वर सुरक्षित उभा राहतो, आणि यंत्र खाली उतरते.

‘रोबोट’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे सार्थ झाला. जे काम करताना माणसाचा जीव किंवा मान जातो, ते काम यंत्राने करावे. आपल्या गावात असे कोणते काम आहे, हे शोधून काढण्यास कोणतीही पाटी अथवा मोटार लागत नाही. त्यासाठी डोळे उघडे हवेत आणि दुसऱ्याच्या कष्टांची जाणीव हवी. उत्तम यंत्राचा आरंभ तेथूनच होतो.