श्रेढीची अदृश्य सीमा

वर्तुळाचा परीघ काढण्याची माधवाची अनंत श्रेढी प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातील या केरळीय गणितज्ञाच्या श्रेढीची सिद्धता ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथात दिलेली असून तिच्या मुळाशी १ ÷ (१ + क्ष²) या राशीचा विस्तार आहे. हा विस्तार कोठपर्यंत विश्वसनीय ठरतो, याचा येथे विचार करू.

समजा, ही राशी अ + ब क्ष + क क्ष² + ड क्ष³ + … अशी मांडली. दोन्ही बाजूंस (१ + क्ष²) ने गुणल्यास डावीकडे केवळ १ उरतो. म्हणून अ = १, ब = ०, क + अ = ०, ड + ब = ०; आणि हाच क्रम पुढे चालतो. सहगुणक याप्रमाणे ठरले की श्रेढी मिळते ती अशी :

१ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + …

क्ष = १/२ घेऊन वाचकांनी पडताळा पाहावा. राशीची किंमत ०·८ येते. श्रेढीच्या बेरजा क्रमाने १, ०·७५, ०·८१२५, ०·७९६८७५ अशा ०·८ च्या निकट येत जातात. आता क्ष = २ घ्या. राशीची किंमत ०·२. परंतु बेरजा मात्र १, −३, १३, −५१ अशा भरकटतात! श्रेढीचे अभिसरण क्ष हा −१ आणि १ यांच्या दरम्यान असतानाच होते. तिची अभिसरण-त्रिज्या १ आहे.

हे असे का व्हावे? या राशीचा आलेख तर कोठेही तुटत नाही. क्ष ही कोणतीही वास्तव संख्या असली, तरी छेद शून्य होत नाही. छेद शून्य होण्यास क्ष² = −१ हवे, म्हणजे क्ष ही कल्पित संख्या हवी. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर अशी दोन स्थाने शून्यबिंदूच्या वर व खाली, बरोबर १ अंतरावर आहेत. केंद्रापासून सर्वांत जवळच्या अशा बाधक स्थानापर्यंतचे अंतर हीच अभिसरण-त्रिज्या होय. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ कोशी याच्या संशोधनाने हे तत्त्व प्रस्थापित झाले.

याची प्रचीतीही घेता येते. श्रेढीचे केंद्र ० ऐवजी १ वर नेऊन ती (क्ष − १) च्या घातांत मांडली, तर त्या बाधक स्थानांचे अंतर √२, म्हणजे सुमारे १·४१४ होते. २ ही संख्या नव्या केंद्रापासून १ अंतरावरच असल्याने, मघाशी जेथे श्रेढी भरकटली तेथेच ती आता ०·२ हे अचूक उत्तर देते. वास्तव रेषेवरील कोड्याची उकल अशी त्या रेषेबाहेर सापडते.