कॅलिब्री कुणी निवडला?

सोमवार सकाळ. डाव्या हाताला कॉफीचा मग, उजव्या हाताला मोबाइलवर बॉसचा मिस्ड कॉल आणि समोर वर्डची कोरी करकरीत फाइल. तुम्ही टाइप करायला लागता, 'डिअर सर' उमटतं. कुठल्या फॉन्टमध्ये? हा प्रश्न आपल्याला पडतच नाही! २००७ नंतर नोकरीला लागलेल्या कुणालाही विचारा. पहिला रेझ्युमे, पहिला रजेचा अर्ज, पहिला राजीनामा (हो, तोसुद्धा) बहुधा कॅलिब्रीमध्ये, साइज ११. आणि 'हा फॉन्ट मी विचार करून निवडला' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. तो होता म्हणून होता. हॉस्टेलच्या मेसमधल्या बटाट्याच्या भाजीसारखा.

पण या बटाट्याच्या भाजीने एका पंतप्रधानांच्या घरादाराला घाम फोडला होता, हे ठाऊक आहे?

फॉन्टगेट!

जुलै २०१७. मी तेव्हा बीएमएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. एक दिवस सर वर्गात आले आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला, कॅलिब्री. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, पिझ्झा आहे का?" सर हसले नाहीत. म्हणाले, आजचं पाकिस्तान याच्यावर चाललंय.

झालं होतं असं. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या मुलांच्या ऑफशोअर कंपन्यांची नावं आली. प्रश्न होता लंडनच्या पार्क लेनवरच्या फ्लॅट्सचा. खरे मालक कोण? शरीफ यांची कन्या मरियम नवाझ यांच्या बाजूने एक ट्रस्ट डीड पुढे आलं. त्यावर तारीख होती फेब्रुवारी २००६. म्हणजे मरियम मालक नाहीत, भावासाठी नेमलेल्या नुसत्या ट्रस्टी आहेत, असा त्याचा अर्थ. चौकशी पथकाने तो कागद लंडनच्या एका फॉरेन्सिक लॅबला दाखवला. लॅबने सह्या पाहिल्या, शिक्के पाहिले आणि अक्षरंही पाहिली. अक्षरं कॅलिब्रीची होती. आणि लॅबच्या म्हणण्यानुसार ३१ जानेवारी २००७ च्या आधी कॅलिब्री बाजारात मिळतच नव्हता!

मग काय! सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला. विकिपीडियाच्या कॅलिब्रीच्या पानावर तारखा इकडच्या तिकडे करायला इतकी झुंबड उडाली, की ते पान काही काळ कुलूपबंद करावं लागलं. एका फॉन्टच्या पानाला सिक्युरिटी!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गप्पांमध्ये ती हमखास चुकते. शरीफ यांची खुर्ची कॅलिब्रीने घालवली नाही. २८ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना अपात्र ठरवलं ते मुलाच्या दुबईतल्या कंपनीकडून येणं असलेला पगार जाहीर केला नाही म्हणून. कॅलिब्रीचा कागद होता मरियम यांच्या मानगुटीवर. २०१८ मध्ये त्यांना शिक्षा झाली, काही आठवड्यांत ती स्थगित झाली आणि २०२२ मध्ये इस्लामाबाद हायकोर्टाने त्यांची निर्दोष सुटका केली. २०२४ मध्ये त्या पंजाबच्या मुख्यमंत्री झाल्या. बचाव पक्षाचा मुद्दाही अगदीच फुसका नव्हता. कॅलिब्री विंडोज व्हिस्टाच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये आधीपासून होता, कॉम्प्युटरच्या किड्यांना तो मिळू शकत होता. पण वकिलाच्या ऑफिसातला टायपिस्ट चाचणी आवृत्तीतला फॉन्ट कशाला शोधत बसेल? खुद्द फॉन्ट बनवणाऱ्याच्या ऑफिसनेही पत्रकारांना साधारण हेच कळवलं होतं : शक्य आहे, पण पटत नाही.

ठिपक्याचे तीन तुकडे

हा बनवणारा कोण? ल्यूकास दे ग्रूट. डच माणूस, बर्लिनमध्ये स्टुडिओ. नव्वदच्या दशकात त्याने 'थेसिस' नावाचं फॉन्टचं भलंमोठं खानदान काढलं होतं आणि डिझाइनच्या दुनियेत त्याचं नाव झालेलं होतं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा स्क्रीनवर वाचायला सोपे फॉन्ट हवे होते. २००२ ते २००४ या काळात कॅलिब्री तयार झाला, सोबत कँब्रिया, कँडारा, कॉन्सोलस, कॉन्स्टँशिया आणि कॉर्बेल. सगळी नावं सी या इंग्रजी अक्षरावरून, कारण ही सगळी पोरं क्लिअरटाइपची.

क्लिअरटाइपचा फंडा मला भन्नाट वाटतो. एलसीडी स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्या. आधी कॉम्प्युटर अख्खा ठिपका काळा करायचा किंवा पांढरा ठेवायचा, म्हणून अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या दिसायच्या. क्लिअरटाइपने त्या तीन पट्ट्या सुट्या वापरल्या. म्हणजे आडव्या दिशेने तिप्पट बारकावा, तोही त्याच स्क्रीनवर! दे ग्रूटने याचा फायदा घेत अक्षरांची टोकं गोलसर केली. विश्वास नसेल तर आत्ता कॅलिब्रीमध्ये एक टी टाइप करा आणि साइज २०० करून बघा. कोपरे घासलेल्या साबणासारखे दिसतील. तो एरियलपेक्षा अरुंदही आहे, एका ओळीत जास्त शब्द मावतात. मग २००७ च्या ऑफिसमध्ये वर्डमधला टाइम्स न्यू रोमन गेला, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि आउटलुकमधला एरियल गेला आणि सगळीकडे हा बसला.

मजा बघा. कुणीच निवडत नाही, म्हणून तो सगळीकडे. आणि कुणीच बघत नाही, म्हणून तो चोरासारखा पकडून देतो. खोटी तारीख टाकणारा माणूस शाई बघतो, स्टॅम्प पेपर जुना शोधतो. अक्षराकडे त्याचं लक्षच जात नाही. कॅनडातही २०१९ मध्ये एका दिवाळखोरीच्या प्रकरणात हेच झालं. १९९५ ची तारीख असलेला कागद कँब्रियात, २००४ चा कॅलिब्रीत. कोर्टाने दोन्ही नाकारले.

आता पार्क लेनवरून थेट आमच्या पार्किंगमध्ये. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत (नाव सांगत नाही, आईबाबा अजून तिथेच राहतात) जनरल बॉडीत एक झेरॉक्स फिरली. २००४ चा ठराव. एका मेंबरला स्टिल्टमधली जागा कायमची दिल्याचा. तीच जागा, जिथे बाबांची स्कूटर वीस वर्षं उभी राहायची. मी कागद हातात घेतला आणि माझ्या पोटात गोळाच आला. गोलसर टोकं. कॅलिब्री. मी उभी राहून सांगितलं, तर निम्मे काका लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पत्रिका बघून भविष्य सांगतेय.

सेक्रेटरी काका मात्र तयारीचे. म्हणाले, "अगं, मूळ कागद सव्वीस जुलैच्या पुरात भिजला. नंतर पुन्हा टाइप करून घेतला."

आणि खरं सांगू? हे अशक्य नाही. २००५ च्या त्या पावसात मुंबईतल्या कितीतरी तळमजल्यांवरच्या फायली लगदा झाल्या. कागद कधी टाइप झाला असेल ते फॉन्ट सांगतो, तो का टाइप केला ते नाही. मी एवढंच विचारलं, "मग काका, खाली २००४ च्या कमिटीच्या सह्या कशा?" त्यावर चहा आला. प्रकरण सध्या उपनिबंधकांकडे आहे आणि बाबांची स्कूटर गेटबाहेर.

जाता जाता एक. तुम्ही त्याच वर्डमध्ये मराठी टाइप करता, तेव्हा ते कॅलिब्री नसतं बरं का! त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट आणतो. वर्षानुवर्षं तो होता 'मंगल'. विंडोज २००० सोबत आलेला, आपल्या मुंबईत प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आयआयटीच्या आयडीसीत शिकवणारे, अक्षरांवर जीव टाकणारे जोशी सर २००८ मध्ये गेले. कॅलिब्रीवर निदान विनोद तरी झाले. मंगल बनवणाऱ्याचं नाव किती मराठी माणसांना माहीत असेल?

आणि कॅलिब्रीचं काय झालं? २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्त करायचं जाहीर करून पाच उमेदवार उभे केले. २०२३ मध्ये स्टीव्ह मॅटेसनचा 'बीअरश्टाट' जिंकला, त्याचं बारसं 'अॅप्टोस' असं झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वाचायला सोपा म्हणून टाइम्स न्यू रोमन सोडून कॅलिब्री धरला होता. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो हटवून टाइम्स परत आणला. तिकडे फॉन्टलाही पक्ष असतो!

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. पहिलंच इन्व्हॉइस पाठवलं, तर एका क्लायंटच्या अकाउंट्समधल्या मुलाचा फोन, "मॅडम, फॉरमॅट बदललंत का? काहीतरी वेगळं दिसतंय." मी पाहिलं. अॅप्टोस होता. वाईट नाही हं, त्यातल्या छोट्या एलला शेपटी आहे, त्यामुळे तो मोठ्या आयसारखा दिसत नाही. कॅलिब्रीत हा घोळ कायमचा. तरी मी सेटिंग्जमध्ये गेले, यादी खाली सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॅलिब्री निवडला. साइज ११.