शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे!

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे मी जाणतो. तरीही ज्याच्यातला वरणभात रोज जेवतो, त्या प्रेशर कुकरचे वासे आज मी मोजणार आहे.

या भांड्याचे कुळ थोर. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली वाफ कोंडून हाडे मऊ करणारे पात्र लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ते फुटू नये म्हणून सुरक्षा-झडपही त्यानेच योजली. आपल्या अपत्याच्या पोटात काय दडले आहे, हे बापाला ठाऊक होते!

काय दडले आहे? साधा हिशेब करा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरात चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा दाब चढला, की ते १२० अंशांच्या आसपास उकळते; म्हणून डाळ झटपट शिजते. पण झाकण २० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ भरते ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्याला खालून तीनशे किलोंचा रेटा! शंभर किलोंची तीन पोती उचलू पाहणाऱ्या या राक्षसाला वेसण कुणाची, तर एका बारीक नळीची आणि तिच्यावरच्या वजनाची.

दाब पुरेसा झाला, की ते वजन उचलले जाते आणि शिट्टी होते. तिचा अर्थ एवढाच, की "बाई, आता आच कमी करा." आपण मात्र तिचे घड्याळ केले. डाळीला तीन, बटाट्याला दोन! आच मोठी असली तर शिट्ट्या भराभर, मंद असली तर रेंगाळत. शेजारच्या वहिनींच्या तीन शिट्ट्यांचा आपल्या तीन शिट्ट्यांशी काडीचा संबंध नसतो. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ आणि गॅस दोन्ही वाया.

दोष गृहिणींचा नाही. दाब दाखवणारी खूण न देता नुसते ओरडणारे तोंड देणाऱ्या रचनाकाराचा आहे. दुसरा आरोप याहून गंभीर. पाणी आटून भांडे तापले, की वितळून वाफेला वाट देणारी सुरक्षा-झडप झाकणात अशी बसवतात, की ती जुनी झाल्याचे कुणाला कळतही नाही. आणि डाळीच्या फेसाने नळी तुंबली, तर शिट्टी मुकी होते. राक्षस मात्र जागाच असतो.

न्यायाने एक श्रेयही देतो. आतून बसणारे झाकण वाफेच्याच रेट्याने काठाला घट्ट बिलगते. दाब असेतो ते उघडतच नाही. घाईच्या वेळी भांडेच आपला हात धरते. याला म्हणावे रचना!

तोवर आपणच सावध राहावे. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून पाहावी, डाळ-तांदूळ पाण्यासकट निम्म्यावर भरू नयेत, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून भिंतीवरचे घड्याळ पाहावे. दिवाळीत धडाका अंगणातच व्हावा, स्वयंपाकघरात नको.