एका मृत्युदंडाने आठ खून टळतात?

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिख यांनी १९७५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९३३ ते १९६९ या काळातल्या आकडेवारीवर रिग्रेशन चालवून त्यांनी अंदाज मांडला, की वर्षाला एक मृत्युदंड जास्त अमलात आला असता तर सात-आठ खून टळले असते. मृत्युदंड घटनेत बसतो की नाही, हा वाद तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात चालू होता. सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी हा अभ्यास न्यायालयापुढे ठेवला. एका गुणांकावर माणसांचे जीव टांगले गेले.

गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात रिग्रेशन शिकवायचं, तर सुरुवात इथून करावी. कायदा, समाजशास्त्र, समाजकार्य अशा वाटांनी आलेली मुलं सूत्रांना बिचकतात, पण हा प्रश्न त्यांना लगेच भिडतो.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की बाकीचे घटक स्थिर ठेवले म्हणजे उरतं ते कारणच. एर्लिख यांनी बेरोजगारी, उत्पन्न, तरुणांचं प्रमाण, अटक होण्याची शक्यता हे सगळं हिशेबात घेतलं होतं. पण रिग्रेशन तेवढेच घटक स्थिर धरू शकतं, जे तक्त्यात आहेत आणि नीट मोजलेले आहेत. पीटर पॅसेल आणि जॉन टेलर यांनी १९६२ नंतरची वर्षं गाळून तेच गणित पुन्हा केलं, तर मृत्युदंडाचा धाक दिसेनासाच झाला! कारण कळायला संगणक लागत नाही. साठच्या दशकात अमेरिकेत मृत्युदंडाची अंमलबजावणी थांबत आली होती आणि खून वाढत होते. पण त्याच वर्षांत वाहनचोऱ्यांसारखे, मृत्युदंडाशी काडीचा संबंध नसलेले गुन्हेही वाढत होते.

हे फळ्यावर सांगण्यापेक्षा करून घ्यावं. वर्षाला एक ओळ, म्हणजे अख्खा तक्ता चाळीस ओळींचाही नाही. शेवटच्या सात ओळी काढून रिग्रेशन पुन्हा चालवायला लावलं, की निकाल किती थोड्या वर्षांवर उभा होता ते मुलांना स्वतःच्या पडद्यावर दिसतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं, की मृत्युदंडाने खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे आजवरच्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. धोरणासाठी त्यांचा आधार घेऊ नये.

पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं की निष्कर्ष सिद्ध, हाही असाच एक समज. ते मूल्य मॉडेल बरोबर आहे असं धरूनच काढलेलं असतं. मॉडेलच फसलं असेल, तर ते चूक पकडून देत नाही.

गुन्ह्यांच्या संख्येला सरळ रेषा चालते, असंही अनेकांना वाटतं. मार्विन वोल्फगँग आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या, १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या पोलीस नोंदी तपासल्या. त्यातल्या ६,४७० जणांच्या नावावर एकही नोंद नव्हती आणि निम्म्याहून जास्त गुन्हे अवघ्या ६२७ जणांच्या नावावर होते. अशा आकड्यांवर साधी रेषा ओढली, तर एखाद्या मुलाचे गुन्हे ती शून्याच्याही खाली दाखवू शकते. इथे पॉयसाँ आणि शून्यं नि टोकाचे आकडे फार असतील तेव्हा निगेटिव्ह बायनॉमिअल मॉडेल लागतं.

जिल्ह्यांचे आकडे घेऊन माणसांबद्दल बोलणं तर सर्रास चालतं. गरीब जिल्ह्यात गुन्हे जास्त दिसले, म्हणून गरीब माणूस गुन्हेगार ठरत नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच हा धोका दाखवला होता. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. पण एकेक माणूस पाहिला तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरताच जास्त होती.

भारतातल्या विद्यार्थ्याला मात्र सर्वांत आधी सोडावा लागतो तो समज वेगळाच: आकडा म्हणजे गुन्हा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) अहवालांत दिल्लीतल्या बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये ७०६ होत्या, त्या २०१३ मध्ये १,६३६ झाल्या. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बायका पुढे येऊन तक्रारी करू लागल्या, पोलिसांवर दबाव आला आणि २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यातली व्याख्याही रुंदावली. रिग्रेशनला यातलं काहीच ठाऊक नसतं. महिलांसाठीच्या मदत कक्षांची संख्या त्यात घातली, तर कक्ष वाढल्याने बलात्कार वाढतात असं उत्तरही बाहेर पडू शकतं, आणि ते छापलं गेलं तर एखाद्या ठिकाणचा कक्ष बंदही होऊ शकतो.

शिवाय एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. म्हणून या तक्त्यांवर काम करणाऱ्याने सॉफ्टवेअर उघडण्याआधी निदान एक एफआयआर ओळ न् ओळ वाचावी: कोणती कलमं लागली, त्यातलं कोणतं तक्त्यात पोचलं आणि कोणती वाटेतच गळाली.