नोकरी सोडण्याआधी तारीख पाहा

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी विमाने उडू लागली. तेव्हापासून उलवे, पनवेल, तळोजे या भागांतील आमच्या कारागीर बांधवांत एक सवाल वारंवार ऐकू येतो : आहे ती नोकरी सोडावी, की अजून काही दिवस काढावेत?

बुजुर्ग सांगतात, एका जागी टिकणाऱ्याची पत राहते. तरुण म्हणतात, जागा बदलल्याशिवाय पगार वाढत नाही. आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे आहे. किती वर्षे थांबावे, हे आधी कागदावर मांडून पाहावे.

एक उदाहरण घेऊ. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एसी दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे. त्याच्या नोकरीला चार वर्षे पाच महिने झाले. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार २०,८०० रुपये. दुसरीकडे महिना २,५०० रुपये जास्त मिळतात. त्याने काय करावे?

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटच्या पगाराला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. या मेकॅनिकचे वर्षाला १२,००० होतात. पाच वर्षांचे ६०,०००. तो सात महिने थांबला तर वाढीव पगाराचे १७,५०० रुपये सोडावे लागतील. आज उठला तर ६०,००० वर पाणी. जास्तीच्या २,५०० मधून ही रक्कम भरून यायला पूर्ण दोन वर्षे लागतात. उद्या स्वतःचे दुकान थाटायचे असेल तर व्हॅक्यूम पंप, गॅसची टाकी, हत्यारे यांसाठी हेच भांडवल उपयोगी पडते. तेव्हा नवा मालक सात महिने थांबेल का, हे आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पाच वर्षांची अट १९७२ च्या कायद्याने घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम नोकरांसाठी ती आहे. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला मात्र आता एका वर्षानंतर हक्क मिळतो. कामगार मृत्यू पावला किंवा अपंग झाला तर पाच वर्षांची अट राहत नाही, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे.

प्रॉव्हिडंट फंडाचे गणित वेगळे आहे. ग्रॅच्युइटीची वर्षे मालक बदलला की तुटतात. फंडाची वर्षे तुमच्याबरोबर चालतात. म्हणून जागा बदलताना फंड काढून खाऊ नये, जुन्या यूएएन नंबरवरच नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावा. १९९५ च्या पेन्शन योजनेच्या सभासदाला पेन्शनसाठी दहा वर्षे लागतात आणि ती अनेक मालकांकडची मिळून भरतात. पेन्शनचे पैसेही काढून घेणारा ही वर्षे गमावून बसतो.

पण चार माणसांच्या गॅरेजात किंवा फर्निचरच्या कारखान्यात हा हिशेब चालत नाही. ग्रॅच्युइटी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. लहान जागी कमाई हुनराची. तिथे स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : उस्तादाच्या मदतीशिवाय पूर्ण काम उतरवता येते का? मालाचा भाव आणि मजुरीचा अंदाज सांगता येतो का? गिऱ्हाईक आपल्याला ओळखते का? तिन्हींचे उत्तर होय असेल आणि वर्षभरात नवे काही शिकायला मिळाले नसेल, तर निघायला हरकत नाही. पगार थकत असेल किंवा जिवाला धोका असेल तर कोणतीही तारीख पाहू नये.

दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंनाही. शिकवलेला माणूस निघून जातो, ही तुमची तक्रार आम्ही जाणतो. परंतु हजेरीची नोंद चोख ठेवणाऱ्या, हक्काची ग्रॅच्युइटी तीस दिवसांत चुकती करणाऱ्या आणि अनुभवाचा दाखला हसत देणाऱ्या मालकाकडे माणसे टिकतात; गेलेली कधीकधी परतूनही येतात.

कारागीर बांधवांनी आज एवढेच करावे : नेमणुकीचा कागद शोधावा, नोकरीला लागल्याची तारीख वहीत लिहावी आणि तिच्यापुढे पाच वर्षे मोजावीत. राजीनाम्याचा अर्ज त्यानंतरच लिहायला घ्यावा.