गणिताची ब्रेल प्रत

छापील गणित डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला आपण एका दृष्टिक्षेपात किती गोष्टी टिपतो, याची सहसा जाणीव नसते. घातांक वर चढवलेला असतो, छेद आडव्या रेषेखाली असतो, वर्गमूळचिन्हाची रेघ किती पदांवर पसरली आहे हे पाहताच कळते. येथे चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारावर जितका, तितकाच त्याच्या जागेवरही अवलंबून असतो. ब्रेल वाचणारे बोट मात्र एका ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकते आणि त्याला एकामागून एक अक्षरघर लागत जाते. पानावर वर-खाली पसरलेला मजकूर अशा एका ओळीत कसा आणावयाचा, हाच गणिताच्या ब्रेल प्रतीचा मूळ प्रश्न होय.

लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने आपली पद्धती १८२९ साली प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात आणि त्यांपासून ६३ आकृती तयार होतात. अक्षरे, विरामचिन्हे, अंक या साऱ्यांची सोय एवढ्यातच करावी लागते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये पहिला एकटा ठिपका म्हणजे ‘अ’. पण त्याआधी अंकचिन्ह आले की तोच ‘१’ होतो. साध्या हिशेबाला एवढे पुरते, बीजगणिताला पुरत नाही.

ही उणीव अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) यांनी दूर केली. ते जन्मांध होते. अंधाने गणितात पडू नये, या सल्ल्यामुळे त्यांनी आधी मानसशास्त्राचा अभ्यास केला. पुढे मात्र ते डेट्रॉइट येथे गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचा संकेत १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. भारतातही तो वापरला जातो. जागेतून जे कळते ते चिन्हांनी सांगावयाचे, हे त्याचे तत्त्व आहे. अपूर्णांक सुरू झाला, रेषा आली, अपूर्णांक संपला, या प्रत्येकासाठी वेगळे घर असते. त्यामुळे ‘१ अधिक क्ष, सर्व भागिले २’ आणि ‘१ अधिक, क्षचा अर्धा’ यांत गोंधळ होत नाही.

घातांकाचे उदाहरण घेऊ. क्षच्या वर्गात य मिळवावयाचा आहे. नेमेथ संकेतात क्षनंतर वर चढल्याची खूण येते, मग २, त्यानंतर मूळ ओळीवर परतल्याची खूण आणि मग ‘अधिक य’. परतीची खूण म्हणजे केवळ पाचवा ठिपका. तो गळाला, तर ‘२ अधिक य’ हा सगळाच घातांक ठरतो. क्ष ३ आणि य १ असेल, तर १० या उत्तराऐवजी २७ येतात. अशा वेळी विद्यार्थ्याचे गणित चुकत नाही, त्याच्या हातातील पुस्तक चुकलेले असते. परंतु गुण त्याचेच जातात.

म्हणूनच छापील पानाचे केवळ चित्र घेऊन त्याची ब्रेल प्रत करणे धोक्याचे असते. जुळणीच्या मूळ संहितेतून ती करणे अधिक सुरक्षित. डोनल्ड नूथ यांनी १९७८ साली पुढे आणलेल्या ‘टेक’ या संगणकीय जुळणीपद्धतीत व तिच्यावर आधारलेल्या ‘लाटेक’मध्ये अंश कोणता, छेद कोणता, घातांक कोठे संपतो, हे लेखकाने आधीच स्पष्ट लिहिलेले असते. छापताना त्याची आकृती होते; ब्रेलसाठी त्याच रचनेचे ठिपके करता येतात.

या विचाराचे सामर्थ्य पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कार्यातून दिसले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आय.आय.टी.त आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘अॅस्टर’ ही प्रणाली. ती लाटेकची संहिता घेऊन त्यातील गणित मोठ्याने वाचून दाखवी आणि घातांकासारखे भेद आवाजाच्या बदलातून सुचवी. माध्यम ध्वनीचे असले तरी तत्त्व तेच होते: पानाचे रूप नव्हे, तर मजकुराची रचना वाचकापर्यंत पोचली पाहिजे.

संगणकाने काम पुष्कळ हलके केले, तरी तपासणी टळत नाही. आकृत्या स्पर्शाने कळतील अशा उठावात नव्याने काढाव्या लागतात, कारण छापील आकृती तशीच उठवली तर रेषांची गर्दी बोटाला उलगडत नाही. प्रत झाल्यावर ब्रेल जाणणारा वाचक ती मोठ्याने वाचतो आणि दुसरा मूळ पुस्तकाशी ताडून पाहतो. हे काम संथ व खर्चाचे आहे. गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची सवलत अंध विद्यार्थ्याला देणे त्याहून सोपे वाटते. पण त्या सवलतीबरोबर विज्ञानाची आणि अभियांत्रिकीची दारेही त्याच्यासाठी बंद होतात. अचूक ब्रेल पुस्तक हाती आले, तर गणित घ्यावे की सोडावे हे तो स्वतः ठरवू शकतो.